‘भूत आहे’ एवढेच लिहून भागत नाही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या वाचनालयाचे चित्रपट मंडळ सर्वपित्री अमावास्येच्या आठवड्यात सलग पाच रात्री पाच भयपट दाखवणार आहे. त्यांपैकी तिघांत स्त्रियांवरील हिंसेची दृश्ये आहेत. काही सभासद म्हणतात की प्रेक्षकांना आधी सूचना द्यावी. इतरांचे म्हणणे असे, की भयपटाला माणूस घाबरायलाच येतो, आणि सूचना दिली की गोष्ट फुटते. सूचना द्यावी का, कोणत्या शब्दांत द्यावी आणि गोष्ट न फोडता ती कशी द्यावी, हे आपण विचारले आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणी एक चित्रपट मंडळ मी सत्तावीस वर्षे चालवत आलो आहे आणि या तिन्ही गोष्टी चुकतमाकत शिकलो आहे. सूचना अवश्य द्यावी. मात्र ती ‘विचलित करणारी दृश्ये’ अशा गोल शब्दांत देऊ नये. कोणावर, कोणत्या प्रकारची हिंसा होते आणि ती कितपत दिसते किंवा ऐकू येते, हे साध्या नामांनी सांगावे, आणि तेही प्रेक्षक खुर्चीत बसण्यापूर्वी.

माझ्या चुकीपासूनच सुरुवात करतो. वीसेक वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या नाट्यगृहात आम्ही एक परदेशी भयपट दाखवला. प्रास्ताविक माझ्याकडे होते. ‘ज्यांचे काळीज कमकुवत आहे त्यांनी आत्ताच उठावे’ असे मी म्हणालो, सभागृह हसले आणि अर्थातच कोणी उठले नाही. तासाभराने मी पाणी प्यायला बाहेर आलो, तर नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर एक बाई बसल्या होत्या. अंधारात बाहेर पडताना आवाज होऊ नये म्हणून त्यांनी चपला काढून हातात घेतल्या होत्या, आणि त्या अजून हातातच होत्या. मी विचारपूस केली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘भूत आहे म्हणून आले होते. हे आहे असं कुठं लिहिलं होतं?’ चित्रपटात एका स्त्रीवर अत्याचार होतो ते दृश्य नुकतेच होऊन गेले होते. चित्रपटाला प्रौढांचे प्रमाणपत्र होते, हे उत्तर माझ्या जिभेवर होते. ते मी दिले नाही एवढेच बरे केले. खरी गोष्ट अशी होती की तो चित्रपट मी तीन वेळा पाहिला होता आणि त्या दृश्याची मला इतकी सवय झाली होती, की ते फलकावर लिहिण्याजोगे आहे हे मनातच आले नव्हते.

म्हणून पहिला व्यावहारिक सल्ला असा, की चित्रपटाची निवड ज्याने केली त्याने सूचना एकट्याने लिहू नये. आमच्याकडे गेली अनेक वर्षे दोन माणसे हे काम करतात. एक तो चित्रपट पहिल्यांदाच पाहणारी असते, आणि दोघांपैकी किमान एक स्त्री असते. हातात घड्याळ ठेवून, कोणत्या मिनिटाला काय घडले याची नोंद दोघे वेगवेगळी करतात आणि नंतर कागद जुळवतात. एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही अशी नोंद हमखास निघते, आणि चर्चा करण्यासारखी नेमकी तीच असते.

‘भयपटाला माणूस घाबरायलाच येतो’ हा आपल्या सभासदांचा मुद्दा खोटा नाही, पण अपुरा आहे. प्रेक्षकाने तिकीट काढून भीतीला संमती दिलेली असते. अंधाराला, अचानक येणाऱ्या आवाजाला, मेलेल्या माणसाच्या परत येण्याला दिलेली असते. बलात्काराचे दृश्य पाहण्याला त्याने संमती दिली आहे असा अर्थ त्यातून निघत नाही. आमच्या मंडळाच्या एक ज्येष्ठ सभासद निवृत्त परिचारिका आहेत. वाद रंगला असताना त्या म्हणाल्या, ‘ऑपरेशनच्या आधी आम्ही संमतीपत्रावर सही घेतो, त्यावर “थोडं दुखेल” एवढंच लिहीत नाही, काय कापणार आहोत ते लिहितो.’ आमच्याकडचा वाद त्या दिवशी संपला. भुताची भीती चित्रपट संपला की बहुतेकांच्या बाबतीत घरी पोचेपर्यंत ओसरते, कारण भूत घरी नसते. घरातल्या माणसाने केलेली मारहाण जिने सोसली आहे तिच्या बाबतीत पडद्यावरची गोष्ट आणि घर यांत तसे अंतर राहत नाही. शंभर प्रेक्षकांत अशा स्त्रिया किती, हे आपल्याला दारात उभे राहून कळत नाही आणि ते विचारण्याचा आपल्याला अधिकारही नाही. म्हणूनच सूचना सर्वांसाठी असावी, कोणाला बाजूला घेऊन सांगण्याची नसावी.

‘ए प्रमाणपत्र आहे, आणखी काय हवे?’ हा प्रश्न आपल्या बैठकीत निघेलच. प्रमाणपत्र वयाविषयी बोलते, आशयाविषयी नाही. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखालची यू, यूए आणि ए ही वर्गवारी, किंवा २०२३ च्या दुरुस्तीने यूएचे सात, तेरा आणि सोळा वर्षांपुढील असे जे तीन भाग केले तेही, चित्रपट कोणत्या वयाच्या माणसाने पाहावा एवढेच सांगतात. चाळीस वर्षांच्या बाईला ‘ए’ हे अक्षर काहीही सांगत नाही. रक्तपात, शिवीगाळ, प्रणयदृश्य की बलात्कार, यांपैकी कशामुळे ते मिळाले हे तिला कळायला मार्ग नसतो. शिवाय ते प्रमाणपत्र पडद्यावर झळकते तेव्हा ती तिकीट काढून रांगेच्या मध्यभागी बसलेली असते. केंद्र सरकारच्या १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्त्रियांवरील लैंगिक हिंसेची दृश्ये टाळावीत, आणि विषयाला ती अपरिहार्य असतील तर कमीत कमी ठेवावीत व तपशील दाखवू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. पण ती सूचना परीक्षण मंडळाला आहे, प्रेक्षकाला नाही. घरी ओटीटीवर पाहणाऱ्याची स्थिती थोडी बरी आहे. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी वयोगटाबरोबर आशयाचे वर्णन सुरुवातीला दाखवणे बंधनकारक केले, आणि विषय, हिंसा, नग्नता, लैंगिक संबंध, भाषा, अमली पदार्थ व भय असे वर्गवारीचे सात निकष ठरवून दिले. त्यांत भय आणि हिंसा वेगवेगळी मोजली आहेत याची नोंद घ्यावी. आपल्या सभासदांचा घोळ नेमका तिथेच आहे. पण कोपऱ्यात काही सेकंद उमटणाऱ्या ‘हिंसा’ या शब्दात तलवारीची लढाईही येते आणि नवऱ्याने बायकोचे पाय मोडणेही येते. ब्रिटनच्या वर्गीकरण मंडळाची पद्धत मला अधिक उपयोगी वाटते. तिथे ‘लैंगिक हिंसा’ आणि ‘लैंगिक धाक’ असे दोन वेगळे शब्द वापरले जातात. प्रत्यक्ष अत्याचार दिसत नाही, पण तो होणार या दडपणाखाली पात्र आणि प्रेक्षक दोघे बराच वेळ राहतात, अशा प्रसंगांना दुसरा शब्द लागतो. भयपटांत असेच प्रसंग अधिक असतात.

आता, सूचनेचा स्वर. भयपटाच्या इतिहासात इशारा हा जाहिरातीचा भाग म्हणूनच वाढला, हे ध्यानात ठेवल्याशिवाय आपल्याला नीट सूचना लिहिता येणार नाही. १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये चित्रपट सुरू होण्यापूर्वी एक गृहस्थ पडद्याआडून पुढे येतात आणि निर्मात्याच्या वतीने प्रेक्षकांना सांगतात, की या कथेने तुम्हाला धक्का बसेल, कदाचित तुमचा थरकापही उडेल. १९५८ मध्ये ‘मकाब्र’ या चित्रपटाच्या वेळी विल्यम कॅसल या निर्मात्याने, भीतीने मृत्यू आल्यास हजार डॉलर मिळतील असा विमा प्रत्येक प्रेक्षकाला देऊ केला होता. हे इशारे माणसाने निघून जावे म्हणून नव्हतेच. त्याने आपले धाडस दाखवावे म्हणून होते. माझे ‘कमकुवत काळजा’चे वाक्य त्याच घराण्यातले. असे वाक्य ऐकल्यावर उठून जाणारी व्यक्ती सगळ्यांसमोर भित्री ठरते, म्हणजे जी वाट आपण तिला दाखवल्यासारखे करतो तीच आपण बंद करून टाकतो. म्हणून सूचनेत ‘थरारक’, ‘अंगावर काटा आणणारे’, ‘धाडसी प्रेक्षकांसाठी’ असले काही असू नये. उद्गारचिन्ह तर नकोच. रेल्वेच्या वेळापत्रकाची भाषा असते ना, तशी भाषा असावी.

शब्दांच्या निवडीवर मी सर्वांत अधिक वेळ घालवतो, कारण मराठीत या विषयावरचे बरेचसे तयार शब्द निकामी आहेत. ‘अतिप्रसंग’ हा वर्तमानपत्री शब्द घ्या. त्याने काय झाले ते समजत नाही. फक्त काहीतरी मर्यादेबाहेर गेले एवढे समजते, जणू थोडा प्रसंग चालला असता. ‘अब्रू लुटणे’ आणि ‘शीलभ्रष्ट करणे’ हे शब्द गुन्हेगाराने काय केले ते सांगण्याऐवजी स्त्रीचे काय गेले ते सांगतात, आणि ते गेले असे गृहीतही धरतात. ‘छेडछाड’ हा शब्द ऐकला की रस्त्यावरची टवाळकी डोळ्यांसमोर येते. ‘विनयभंग’ हा कायद्यातला रूढ शब्द आहे आणि फिर्यादीत तो लागतोच, पण प्रेक्षकाला त्यातून दृश्याची कल्पना येत नाही. आमचा नियम असा, की बलात्कार असेल तर ‘बलात्कार’ लिहायचे, बलात्काराचा प्रयत्न असेल तर तसे लिहायचे, नवरा मारत असेल तर ‘नवऱ्याकडून मारहाण’ लिहायचे, कोणी खिडकीतून पाळत ठेवत असेल तर ‘पाळत’ आणि मागे लागत असेल तर ‘पाठलाग’. मागे एकदा एका विश्वस्तांनी सभागृहाच्या दारावर ‘बलात्कार’ हा शब्द मोठ्या अक्षरांत नको, ‘महिलांवरील अन्याय’ लिहा, असे सुचवले होते. सभ्यतेच्या त्यांच्या कल्पनेविषयी मला आदर आहे, परंतु हुंडा मागणे हाही महिलांवरील अन्यायच आहे. त्या शब्दांनी कोणाला काय टाळावे हे कळले नसते.

एक प्रकार मात्र असा आहे, की जो आमच्या नोंदींतून अनेक वर्षे निसटत राहिला, आणि आपल्याही निसटण्याची शक्यता आहे. भारतीय भयपटांत झपाटलेली व्यक्ती बहुधा स्त्री असते. तिला खांबाला बांधतात, केस धरून फरपटतात, चाबकाने मारतात, तोंडाशी धुरी धरतात, आणि हे सारे करणारा मांत्रिक कथेत तारणहार असतो. ती किंचाळते तेव्हा तिच्या आतले भूत किंचाळत आहे असे पटकथा सांगते, त्यामुळे आपण तिच्या शरीरावर होणारी मारहाण मारहाण म्हणून मोजतच नाही. महाराष्ट्रात हे मोजायला हवे, कारण पडद्याबाहेर ते घडत आले आहे. २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर, जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीतला पहिलाच गुन्हा भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे असा आहे. आमच्याकडच्या एका प्रयोगानंतर एक गृहस्थ थांबले आणि म्हणाले, की त्यांच्या बहिणीला लहानपणी असेच एका ठिकाणी नेले होते. भुताचे त्यांना काही वाटले नाही, पण धुरीच्या दृश्यात ते बाहेर येऊन उभे राहिले. तेव्हापासून आमच्या नोंदवहीत ‘भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण’ असा स्वतंत्र रकाना आहे. तो शिफारसपूर्वक आपल्याला देतो.

हिंसा कोणती हे लिहून झाल्यावर ती कशी दाखवली आहे याचा विचार येतो, आणि इथे मिनिटे मोजणे पुरेसे नसते. हिचकॉकच्या १९६० च्या ‘सायको’मधला न्हाणीघरातला खून सुमारे पाऊण मिनिटाचा आहे, तो पन्नासांहून अधिक तुकडे जोडून केला आहे आणि सुरी शरीरात शिरताना जवळजवळ दिसतच नाही, तरी पाहणाऱ्याला सगळे पाहिल्यासारखे वाटते. उलट गास्पार नोए यांच्या २००२ च्या ‘इर्रिव्हर्सिबल’मध्ये भुयारी मार्गातला बलात्कार सुमारे नऊ मिनिटे न तोडता दाखवला आहे, फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्या चित्रपटाच्या वेळी प्रेक्षक उठून गेले होते. रूढ अर्थाने तो भयपट नाही, पण अशा दृश्याचा कालावधी सूचनेत का लिहावा हे त्यावरून समजते. ‘दृश्य दीर्घ आहे व सलग आहे’ या सहा शब्दांनी प्रेक्षकाला खूप काही समजते. आवाजाचेही तसेच आहे. ज्याला दृश्य नको असेल तो मान खाली घालतो, पण भयपटाची अर्धी ताकद ध्वनीत असते. दाराआडचा अत्याचार, ज्यात काहीच दिसत नाही आणि सारे ऐकू येते, तो अनेकांना अधिक असह्य होतो. ‘प्रत्यक्ष दिसत नाही, परंतु ऐकू येते’ असे आम्ही लिहितो.

कॅमेरा कोणाच्या बाजूने उभा आहे हा आणखी एक प्रश्न. १९७८ च्या ‘हॅलोविन’च्या आरंभी आपण मारेकऱ्याच्या मुखवट्याच्या छिद्रांतून त्याच्या बहिणीचा खून पाहतो, आणि त्या प्रकाराची इतकी नक्कल झाली की १९८० मध्ये रॉजर ईबर्ट आणि जीन सिस्कल या अमेरिकी समीक्षकांनी, हे चित्रपट प्रेक्षकाला मारेकऱ्याच्या जागी नेऊन बसवतात अशी तक्रार करणारा एक संपूर्ण दूरचित्रवाणी कार्यक्रम केला. गंमत म्हणजे मूळ ‘हॅलोविन’ दोघांना आवडला होता. मारेकऱ्याच्या नजरेतून दृश्य असेल तर सूचनेत लिहावे का, याविषयी आमच्यात अजून एकमत नाही. मी स्वतः ते लिहीत नाही; ते मी प्रास्ताविकात बोलतो, कारण तो समीक्षेचा भाग आहे आणि सूचनेने समीक्षा करू नये. ‘या चित्रपटात स्त्रियांचे अवमानकारक चित्रण आहे’ असे दारावर लिहिले की आपण निकाल देऊन बसलो. ज्या चित्रपटाने हिंसेचा निषेध म्हणून हिंसा दाखवली त्यालाही सूचना लागते आणि ज्याने चवीने दाखवली त्यालाही लागते. दोघांच्या सूचनेची भाषा एकच असावी.

आता गोष्ट फुटण्याचा प्रश्न, जो खरोखर अवघड आहे, कारण अलीकडच्या आपल्याकडच्या चांगल्या भयपटांत स्त्रीवरची हिंसा हेच कथेचे दडवलेले रहस्य असते. विशाल फुरिया यांचा २०१७ मध्ये प्रदर्शित झालेला मराठी ‘लपाछपी’ घ्या, ज्याचा त्यांनीच २०२१ मध्ये हिंदीत ‘छोरी’ केला. उसाच्या फडांच्या मधोमध एका घरात आलेली गरोदर स्त्री, आणि मुलगी नको असलेल्या समाजाची पापे. सूचनेत सारे लिहिले तर चित्रपटाचा अर्धा प्रवास संपतो. काहीच लिहिले नाही, तर नुकताच गर्भपात झालेली किंवा मूल गमावलेली स्त्री त्या अंधारात अडकते. आम्ही लिहिले ते असे: ‘या चित्रपटात गरोदर स्त्रीला असलेला धोका आणि गर्भ व अर्भक यांच्यावरील हिंसा हे विषय येतात.’ यात कोण करतो, का करतो, शेवटी काय होते, यांपैकी काही नाही. सूचनेत नामे असावीत, पात्रे नसावीत, असे मी नव्या सभासदांना सांगतो; कर्ता काढून टाकला की रहस्य बहुतेक वेळा शाबूत राहते.

बहुतेक वेळा, नेहमी नव्हे. अन्विता दत्त यांच्या २०२० च्या ‘बुलबुल’मध्ये, ज्याची कथा जुन्या बंगालमधल्या एका हवेलीत घडते, नायिकेवर झालेले अत्याचार उत्तरार्धात उलगडतात आणि ते एकापाठोपाठ एक येतात. मी पहिल्यांदा लिहिलेली सूचना होती, ‘काही दृश्ये विचलित करू शकतात.’ आमच्या परिचारिका सभासदांनी ती फाडली नाही, पण उलटी करून तिच्या पाठीवर दुसरी लिहिली: ‘या चित्रपटात बालविवाह, घरातल्या स्त्रीला झालेली रक्तबंबाळ मारहाण आणि बलात्कार दाखवला आहे. ही दृश्ये उत्तरार्धात सलग येतात. मारहाणीचे दृश्य तपशीलवार आहे.’ यात गोष्ट थोडी फुटते हे मी मान्य करतो. पण चित्रपट पाहिलेल्यांना विचारावे. त्यांच्या लक्षात राहते ती लाल रंगात न्हालेली हवेली, त्या मुलीचे पाय आणि तिचे हसू, आणि ते कोणत्याही फलकाने फुटत नाही.

ज्यांना एवढेही आधी जाणून घ्यायचे नसते त्यांच्यासाठी आम्ही सूचनेचे दोन थर केले आहेत. दाराजवळच्या फलकावर आणि भ्रमणध्वनीवर पाठवलेल्या निमंत्रणात एक-दोन वाक्यांची सर्वसाधारण सूचना असते. तिच्या खाली लिहिलेले असते, की सविस्तर माहिती तिकीट-टेबलावर घडी घातलेल्या कागदात मिळेल. त्या कागदात मिनिटांसह नोंदी असतात, म्हणजे ज्याला चित्रपट पाहायचा आहे पण तेवढे दृश्य नको आहे, त्याला अमुक मिनिटाला बाहेर जाऊन अमुक मिनिटाला परत येता येते. कागद मागणाऱ्याला कारण विचारायचे नाही, हा नियम टेबलावरच्या मुलांना अगदी पाठ करून घ्यावा. ‘काय हो, घाबरता की काय?’ असे एका उत्साही स्वयंसेवकाने एकदा विचारले होते. पुढचे दोन कार्यक्रम तो खुर्च्या मांडायला होता.

आपल्या मंडळातले कोणीतरी अभ्यासू सभासद असे म्हणतील, की अशा सूचनांचा उपयोग होत नाही हे संशोधनानेच दाखवले आहे. त्यांचे म्हणणे निराधार नाही. २०२३ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी आधीच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले, आणि त्यात असे दिसले की सूचना दिल्याने नंतर होणारा त्रास कमी होत नाही, लोक तो आशय सहसा टाळतही नाहीत, आणि पाहण्यापूर्वीची धास्ती मात्र वाढते. मी ते निष्कर्ष मानतो. सूचना हे औषध नाही, आणि तिने कोणाचे दुःख हलके होईल असा दावा आपण करू नये. पण पायऱ्यांवर बसलेल्या त्या बाईंची तक्रार दुःख झाले ही नव्हतीच. आपल्याला विचारले गेले नाही, ही होती. बहुतेक लोक सूचना वाचून आत येतात हे खरे आहे, आमच्याकडेही येतात. फरक एवढाच, की आता ते ठरवून येतात. या संशोधनातून मी घेतलेला धडा वेगळा आहे: सूचना जितकी संदिग्ध, तितकी धास्तीला जागा अधिक. ‘काहीतरी भयंकर आहे’ हे वाक्य भयपटाचे काम आयते करून देते. नेमकी माहिती दिली की निदान कशाची तयारी करायची ते माणसाला समजते.

राहता राहिली व्यवस्था, जिच्याशिवाय कागदावरची सूचना नुसती औपचारिकता ठरते. बाहेर पडण्याचा मार्ग खरोखर मोकळा असला पाहिजे. आमच्या नाट्यगृहात एका बाजूचे दार कुलूपबंद असे आणि रांगेतून निघायचे तर आठ जणांचे गुडघे ओलांडावे लागत. आता भयपटाच्या वेळी दोन्ही दारे उघडी असतात, कडेच्या खुर्च्या मागणाऱ्यांसाठी राखलेल्या असतात, आणि पहिल्या अर्ध्या तासात निघालेल्याला पैसे परत मिळतात. बाहेर दिवा, खुर्ची, पाण्याची बाटली आणि एक शहाणी व्यक्ती असावी, जी स्वतःहून बोलायला जाणार नाही पण तिथून हलणारही नाही. फलकाच्या तळाशी आम्ही दोन क्रमांक छापतो: महिला मदतवाहिनी १८१ आणि मानसिक आरोग्यासाठीची सरकारी टेलिमानस सेवा १४४१६. ते कोणी टिपून घेताना मी क्वचितच पाहिले आहे. पण भ्रमणध्वनीने फलकाचे छायाचित्र काढणारे बरेच असतात.

प्रास्ताविकात आणखी एक गोष्ट बोलायला मी उशिरा शिकलो. आपल्याकडे अत्याचाराच्या दृश्याला शिट्टी वाजवणारे आणि हसणारे प्रेक्षक असतात. काही जण अवघडलेपणामुळे हसतात, काही जणांना खरेच मजा वाटते, आणि अंधारात दोन्ही हसणी सारखीच ऐकू येतात. पडद्यावर होणाऱ्या हिंसेपेक्षा शेजारच्या खुर्चीतून आलेल्या हसण्याने अधिक धक्का बसला, असे मला एकीने नव्हे, अनेकींनी सांगितले आहे. त्याची सूचना कोणत्याच फलकावर देता येत नाही. म्हणून आता मी सुरुवातीलाच शांतपणे सांगतो, की आज दाखवणार आहोत त्यात बलात्काराचे दृश्य आहे, त्या वेळी सभागृहात आवाज झाला तर चित्रपट थांबवून दिवे लावले जातील. दोनदा लावावे लागले. दुसऱ्या वेळी चित्रपट पुन्हा सुरू व्हायला अकरा मिनिटे लागली, आणि त्या मध्यंतरात कोणीच काही बोलले नाही.

आपल्या तीन चित्रपटांच्या सूचनांचे मसुदे तयार झाले की ते आधी आपल्या मंडळातल्या, चित्रपट न पाहिलेल्या एखाद्या बाईंना वाचायला द्यावेत, आणि ‘यावरून तुम्हाला काय दिसेल असं वाटतं?’ एवढेच विचारावे. त्यांचे उत्तर आणि आपली मिनिटांची नोंद जुळली नाही, तर मसुदा पुन्हा लिहावा.